अजिंठ्याच्या भिंतीवरची चपडा लाख: एका दुरुस्तीचे प्रकरण

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या, म्हणजे पद्मपाणीच्या चित्रासमोर उभे राहिले की नजर आधी त्या झुकलेल्या पापण्यांवर ठरते आणि मग सगळ्या चित्रभर पसरलेली मधाळ, तपकिरी झाक जाणवते. पुष्कळांच्या मनात ती झाक म्हणजेच अजिंठा. कॅलेंडरांवर, भेटकार्डांवर, हॉटेलांच्या भिंतींवर ‘अजिंठा शैली’ म्हणून जे रंगवतात त्यातही तीच उचललेली असते. पण तिचा बराच वाटा पाचव्या शतकातल्या चित्रकाराचा नाही. १९२० ते १९२२ या काळात चित्रे वाचवण्यासाठी त्यांच्यावर लाखेचा हात फिरवला गेला, आणि ती लाख पुढे पिवळी पडत, काळवंडत गेली. हे प्रकरण त्या लाखेचे आहे: ती का लावली, मातीच्या भिंतीवर तिने काय केले आणि आता ती काढताना हात कुठे थांबवावा लागतो.

आधी भिंत समजून घ्यावी लागते, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघते.

वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणात काळ्या बेसाल्टच्या कड्यात लेणी कोरली आहेत. ९, १०, १२, १३ आणि १५-अ ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली. बाकीचे बहुतेक काम पाचव्या शतकातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाच्या आसपासचे. १६ नंबरच्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा दानलेख आहे. जिथे चित्र काढायचे तिथली भिंत कारागिरांनी मुद्दाम खडबडीत ठेवली. छिन्नीचे ओरखडे हीच गिलाव्याची पकड. बेसाल्ट आणि माती एकमेकांशी रासायनिकरीत्या जुळत नाहीत. माती त्या ओरखड्यांत नुसती अडकून राहते.

या खडकावर मातीचा गिलावा चढवला. लोहयुक्त चिकण माती, दगडाची पूड, शेण आणि बारीक केलेले भाताचे तूस एकत्र मळून ते मिश्रण भिंतीवर दाबून बसवले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी नोंदवल्याप्रमाणे या थराची जाडी एक अष्टमांश ते पाऊण इंच, म्हणजे सुमारे ३ ते १९ मिलिमीटर. तूस आणि तंतू घालण्याचे कारण गावात घर लिंपणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे: नुसती चिकण माती वाळताना आकसते आणि तडकते. तुसामुळे आकसण्याचा ताण वाटला जातो, मोठ्या भेगेऐवजी केसासारख्या बारीक चिरा पडतात. या गिलाव्यावर अंड्याच्या कवचाएवढा पातळ पांढरा हात, तो घोटून गुळगुळीत केला आणि त्यावर चित्र.

चित्राचा क्रम असा. गेरूने बाह्यरेषा, मग आतले सपाट रंग, मग छटा आणि उजळ ठिपके, आणि शेवटी तपकिरी किंवा काळी रेषा पुन्हा. रंग बहुतेक मातीचेच: लाल गेरू, पिवळी माती, बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती, काजळीचा काळा, पांढऱ्यासाठी चुना, केओलिन ही पांढरी चिकण माती आणि जिप्सम. निळा तेवढा परदेशी. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला राजावर्त (लॅपिस लाझुली) हा निळा दगड, आणि तो पाचव्या शतकातल्या चित्रांत दिसतो, जुन्या टप्प्यात नाही. रंग बांधायला सरस वापरला होता. चित्र कोरड्या पृष्ठभागावर काढलेले आहे. ओल्या चुन्यावर रंग लावला की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे पकडले जातात. त्या पद्धतीला फ्रेस्को म्हणतात. अजिंठ्याची चित्रे फ्रेस्को नाहीत, तरी हा शब्द मराठी लेखांत सर्रास येतो. हा फरक पंडिती वाटेल, पण संवर्धनात सगळा निकाल त्यावरच लागतो. फ्रेस्को जपून पाण्याने पुसता येतो. सरसाने बांधलेला रंग ओल्या कापसाने फुगतो आणि कापसावर निघून येतो.

(विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात भिंत तयार करण्याची कृती आहे. विटांची पूड, माती, गुग्गुळ, मेण, गूळ असे घटक तिथे येतात. ती कृती अजिंठ्यावर जशीच्या तशी लावण्याचा मोह टाळावा. भिंतीत प्रत्यक्ष काय आहे ते भिंतीच्या नमुन्यावरूनच ठरते.)

तर या चित्राला तीन सांधे आहेत: खडक आणि माती, माती आणि पांढरा हात, पांढरा हात आणि रंग. प्रत्येक सांधा वेगळ्या तऱ्हेने सुटतो. पहिला सुटला की गिलाव्यामागे पोकळी होते. बोटाने अलगद टकटक केले तर मडक्यासारखा आवाज येतो. दुसरा सुटला की कवचासारखा पापुद्रा उचलला जातो. तिसरा सुटला की रंगाची भुकटी होते किंवा बारीक खवले कडांनी वर वळतात. दुखणे कोणत्या सांध्याचे आहे हे न पाहता केलेला उपाय हमखास दुसऱ्या सांध्यावर उलटतो. लाखेच्या बाबतीत नेमके हेच घडले.

लाख लागण्यापूर्वीही ही भिंत कोरी नव्हती. लेणी ओस पडल्यावर शतकानुशतके वटवाघळे राहिली. काही लेण्यांत माणसांनी आसरा घेतला, चुली पेटवल्या, धुराची काजळी छतांवर आणि चित्रांवर बसली. डोंगराच्या भेगांतून दर पावसाळ्यात पाणी झिरपत राहिले. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा मद्रास घोडदळाचा अधिकारी १० नंबरच्या लेण्यात शिरला आणि एका खांबावर स्वतःचे नाव कोरून गेला. ते अक्षर पुढे नावे कोरणाऱ्यांसाठी जणू परवानाच ठरले. चित्रांचे तुकडेही कापून नेले गेले. १६ नंबरच्या लेण्यातला समजला जाणारा एक तुकडा आज बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे.

मग आले नकला करणारे. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून मोठ्या कष्टाने नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी पुन्हा काम केले, आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्याही पुष्कळ गेल्या. या नकलांचे एक अंग कमी सांगितले जाते. धुळकट रंग उठून दिसावेत म्हणून नकलेच्या वेळी भिंतीवर व्हार्निश फिरवले जाई. ओला पृष्ठभाग कोरड्यापेक्षा गडद आणि तकतकीत दिसतो, तसाच हा परिणाम. काही वर्षांनी ते व्हार्निश पिवळे पडले. म्हणजे विसावे शतक उजाडले तेव्हाच भिंतीवर रंग, काजळी आणि जुने व्हार्निश असे थर होते.

लेणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचे पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये सुरू झाले, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख. भिंतीवरून गिलाव्याचे तुकडे पडत होते आणि काहीतरी लवकर करणे भाग होते. संस्थानाने लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटलेल्या कडा प्लास्टरने बांधल्या, मागच्या पोकळ्या भरल्या आणि रंगाचे खवले चिकटवून ठेवण्यासाठी अल्कोहोलमध्ये विरघळवलेली, न विरंजलेली (म्हणजे मूळ रंग न काढलेली) लाख चित्रांवर लावली.

त्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. त्या काळी लाख हे ओळखीचे, हाताशी असलेले, लगेच वाळणारे द्रव्य होते. आपल्याकडचे सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात, तीच वस्तू. लावल्यावर रंग खुलले, भुकटी थांबली. पहिली काही वर्षे काम उत्तमच दिसले असणार. कडांचे बांधकाम तर खरोखर उपयोगी ठरले. ते झाले नसते तर आज दिसणारी काही चित्रे जमिनीवर गेली असती. घोटाळा वरच्या थरात होता.

लाख ही किड्याने झाडाच्या फांदीवर केलेली राळ. ताजी असताना अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. पण तिच्या रेणूंत आम्लगट आणि अल्कोहोलगट दोन्ही असतात आणि ते वर्षानुवर्षे एकमेकांना जोडले जातात. साखळ्यांचे जाळे होते. मग ज्या अल्कोहोलमधून ती आली त्यातच ती विरघळेनाशी होते, फार तर फुगते. सोबत ती ठिसूळ होते आणि रंग पिवळा, नारिंगी, तपकिरी असा चढत जातो. न विरंजलेल्या लाखेत किड्याचा स्वतःचा रंगही असतोच.

पिवळ्या काचेतून पाहावे तसे मग चित्र दिसू लागले. पांढऱ्या मोत्यांच्या सरी हस्तिदंती झाल्या, निळा राजावर्त हिरवट दिसू लागला, हिरवा आणि तपकिरी एकमेकांत मिसळले. अजिंठ्याच्या चित्रकाराने खोली दाखवायला नाकाच्या दांडीवर, हनुवटीवर, ओठावर फिकट उजळ ठिपके दिले आहेत. अंग गोलाकार भासते ते याच ठिपक्यांमुळे. पिवळी लाख आधी हेच ठिपके खाते. चेहरा सपाट दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते, चित्रकाराने असाच काढला असेल.

रंगबदलापेक्षा मोठे नुकसान न दिसणारे आहे. मातीचा गिलावा श्वास घेतो. पावसाळ्यात खडकातून आणि हवेतून ओल घेऊन तो किंचित फुगतो, उन्हाळ्यात ती सोडून आकसतो. पृष्ठभाग मोकळा असेल तर ओल बाहेर निघून जाते. लाखेचा पापुद्रा ही वाट अडवतो. ओल मागे साठते, तिच्यासोबत विरघळलेले क्षारही येतात, आणि कोरड्या दिवसांत ते रंगाच्या पाठीमागेच स्फटिक धरतात. स्फटिक वाढताना रंगाला आतून रेटतो. त्याच वेळी वरची लाख आकसून खवल्याच्या कडा वर ओढते. आतून रेटा आणि वरून ओढ, मध्ये सरसाने कसाबसा धरलेला, सुमारे दशांश मिलिमीटरचा रंग. पंधराशे वर्षे टिकलेला खवला या कात्रीत काही दशकांत सुटू शकतो.

१९५० च्या दशकात लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. सुटणारे खवले पुन्हा चिकटवणे भाग होते, आणि त्यासाठी पॉलिव्हिनिल अॅसिटेट ही कृत्रिम राळ वापरली गेली. तेव्हा जगभर तेच चालत होते. हे द्रव्य लाखेसारखे पिवळे पडत नाही आणि पुन्हा विरघळवता येते, म्हणजे दोन बाबतींत चांगले. पण उष्णतेने ते मऊ पडते. उन्हाळ्यात मऊ झालेल्या पापुद्र्यावर पर्यटकांच्या पायांची धूळ बसली की ती नुसती बसत नाही, रुतते. म्हणून आज भिंतीच्या एखाद्या चौरस सेंटिमीटरचा आडवा छेद कल्पिला तर खडकाकडून बाहेर असे थर लागतात: माती, पांढरा हात, रंग, काजळी, जुने व्हार्निश, लाख, पॉलिव्हिनिल अॅसिटेट, धूळ. सगळीकडे सगळे थर नाहीत, आणि दोन हातांच्या अंतरावर क्रम बदलतो. हाच साफसफाईतला खरा पेच.

थर ओळखायला अतिनील दिवा लागतो. अंधाऱ्या लेण्यात तो लावला की न विरंजलेली लाख नारिंगी उजळते, पॉलिव्हिनिल अॅसिटेट निळसर पांढरे दिसते आणि लाख नसलेला रंग बहुधा काळाच राहतो. ब्रशचे जुने फटकारे, ओघळ, दोनदा लागलेले पट्टे नकाशासारखे समोर येतात. त्यानंतर भिंतीला घासून जाणारा तिरपा प्रकाश टाकायचा. वर वळलेला प्रत्येक खवला आपली सावली पाडतो. या दोन पाहण्या छायाचित्रांवर उतरवल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही.

काम हिवाळ्यातच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते. दमट हवेत अल्कोहोलसारखा द्रावक पटकन उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि लाख दुधाळ पांढरी पडते. पावसाळ्यात पॉलिश केलेल्या टेबलावर गरम भांड्याचा पांढरा डाग उठतो, तसाच प्रकार. असा डाग पडला की नवशिका घाबरून जास्त द्रावक ओततो, आणि मग रंग हलतो.

पहिली पायरी सैल खवल्यांची. पातळ जपानी कागदाचा तुकडा वर ठेवून त्यातून पातळ चिकट द्रव झिरपवायचा आणि खवला हलक्या दाबाने बसवायचा. आधी साफ करून मग चिकटवू, असा क्रम धरला तर साफ करण्यातच खवला जातो. दुसरी पायरी कोरडी धूळ, मऊ ब्रशने, खालून वर, चिमटीत धरलेल्या नळीने लगेच ओढून घेत. तिसरी पायरी चाचणीची. चित्राच्या कडेला, कमी महत्त्वाच्या जागी एकेक सेंटिमीटरचे चौकोन घेऊन सौम्य द्रावकापासून सुरुवात करायची. पॉलिव्हिनिल अॅसिटेटला अॅसिटोन किंवा टोल्युइन पुरते. जुन्या लाखेला नुसते अल्कोहोल पुरत नाही. त्यात जास्त ध्रुवीय, सावकाश उडणारा द्रावक मिसळावा लागतो. ही मिश्रणे श्वासाला घातक असतात. लेण्यात हवा खेळत नाही, म्हणून बाहेर हवा ओढणारा पंखा आणि मुखवटा हवाच. पाणी किंवा तीव्र अल्कधर्मी द्रव वापरायचा नाही: लाख निघते, पण खालचा सरसही निघतो.

काडीला गुंडाळलेला कापूस भिंतीवर घासायचा नसतो, लोळवायचा असतो. एक काडी एका जागी दोन-तीनदा, मग नवी. प्रत्येक वापरलेला कापूस पांढऱ्या कागदावर ओळीने मांडायचा. पिवळा, तपकिरी आला तर लाख निघते आहे. राखाडी आला तर काजळी. गेरूचा लाल किंवा काळा आला तर त्या क्षणी थांबायचे.

काळ्या रेषेपाशी फार सांभाळावे लागते. चित्रपरंपरेत अखेरच्या कामाला उन्मीलन म्हणतात, डोळे उघडणे. पापणीची, बुबुळाची, ओठाच्या मधली रेषा चित्रकार सगळ्यात शेवटी काढतो, म्हणून ती सगळ्यात वर असते. म्हणजे ती लाखेच्या लगेच खाली आणि काही जागी लाखेतच रुतलेली. अति उत्साहाने साफ केलेल्या भित्तिचित्रांत रंग ताजे दिसतात आणि डोळे मात्र आंधळे होतात, ते याच कारणाने. राजावर्ताचे कण मोठे आणि खरबरीत, त्यांना सरस कमी पडलेला असतो; तिथेही कापूस निळा यायला वेळ लागत नाही. त्यामानाने गेरूचे सपाट भाग बरेच सोशिक.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ९ आणि १० नंबरच्या लेण्यांत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेने असे सावकाश काम केले. दहाव्या लेण्यातली षड्दंत जातकाची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मातल्या सहा सुळ्यांच्या हत्तीच्या कथेची चित्रे इसवी सनापूर्वीची, म्हणजे आपल्याकडे उरलेल्या सर्वांत जुन्या भित्तिचित्रांपैकी. जिथे काळपट, चकाकणाऱ्या भिंतीपलीकडे फारसे काही कळत नव्हते, तिथे हत्ती, माणसे, झाडे ओळखू येऊ लागली. जुन्या टप्प्याची चित्रे उरलीच नाहीत असे जे म्हटले जाई, त्याचे उत्तर भिंतीनेच दिले.

पण लाख काढली म्हणजे ओल थांबली असे नाही. डोंगरावरचे पाणी लेण्यांच्या माथ्यापासून वळवणे, भेगा बुजवणे, वटवाघळांना अडवणारी जाळी लावणे ही कामे साफसफाईइतकीच चित्रांची आहेत. जाळीतही तोल सांभाळावा लागतो: फार बारीक असली तर हवा कोंडते. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला अंदाजे ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. ४० जण पाव तास लेण्यात थांबले तर सुमारे अर्धा लिटर पाणी आतल्या हवेत जाते, आणि चढून आलेले लोक याहून जास्त घाम गाळतात. म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात, फ्लॅशला बंदी आहे, आणि खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर, सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबवून तिथून बसने नेतात. रांगेत उभे राहणे त्रासाचे वाटते, तरी ती रांग गिलाव्यासाठी आहे.

मूळ रंग कोणता होता हे ठरवताना आणखी एक अडचण येते. याझदानींच्या देखरेखीखाली १९३० पासून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या खंडांतली रंगीत छायाचित्रे लाख लागल्यानंतरची आहेत. जुन्या रंगीत नकलांपैकी ज्या उरल्या त्या व्हार्निश फिरवलेल्या भिंतीवरून केलेल्या. अभ्यासक व्हिक्टर गोलुबेव यांनी १९१०-११ च्या सुमारास पहिल्या लेण्याची घेतलेली छायाचित्रे लाखेपूर्वीची, पण कृष्णधवल. त्यांतून रंग कळत नाही; रेषा कुठे होती आणि कोणता तुकडा तेव्हा जागेवर होता एवढे मात्र खात्रीने कळते. साफ करणाऱ्याला तेही पुष्कळ असते. बुबुळाची रेषा गोलुबेवच्या छायाचित्रात आहे आणि आज दिसत नाही, तर ती लाखेखाली असू शकते. छायाचित्रातच नसेल तर तिच्या शोधात कापूस फिरवण्यात अर्थ नाही.

म्हणून सगळी लाख काढायचे उद्दिष्ट ठेवत नाहीत. जिथे रंग अजून सरसाने धरला आहे तिथे ती पातळ करत आणतात, शेवटचा पापुद्रा ठेवून. जिथे सरस संपला आहे आणि खवला आता केवळ लाखेच्या जोरावर भिंतीला आहे, तिथे तिला हात लावत नाहीत. त्या जागा नकाशावर वेगळ्या खुणेने दाखवतात, आणि चित्राच्या एका कोपऱ्यात एक लहान चौकोन न साफ केलेला, पिवळा, तसाच सोडतात.